दिव्याकडून आकाशाकडे

हिंगोलीहून औंढा नागनाथाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रीच्या वेळी एखादी मोटार धावू लागली, म्हणजे तिच्या दिव्यांचा झोत अंधार चिरीत पुढे पुढे सरकत असतो. रस्त्याच्या कडेची झाडे, अंतर दाखविणारे दगड, वळणावरचा एखादा ओढा क्षणभर उजळून निघतो आणि पुन्हा काळोखात गडप होतो. चालकाने एक कळ दाबली की हा प्रकाश हजर होतो. म्हणूनच त्याचे कोणाला नवल वाटत नाही. परंतु मोटार जेव्हा नवी होती, तेव्हा तिला असा दिवा नव्हता. त्या काळी आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला कंदील टांगीत. तो पावलागणिक हेलकावे खाई आणि चार हातांपुरती वाट दाखवी. बैलांच्या संथ चालीला तेवढा प्रकाश पुरेसा होता. मोटारीच्या वेगाला तो पुरणारा नव्हता. मोटारीला दूरवर पोहोचणारा प्रखर प्रकाश ज्यांनी मिळवून दिला, त्यांमध्ये एका फ्रेंच तरुणाचे नाव अग्रभागी आहे. त्याने दिवे विकून मोठी संपत्ती मिळविली, आणि ती सर्व संपत्ती आकाशात उडण्याच्या एका ध्यासापायी पणाला लावली. त्याचे नाव लुई ब्लेरिओ.

लुई ब्लेरिओ याचा जन्म १ जुलै १८७२ रोजी उत्तर फ्रान्समधील कांब्रे या गावी झाला. हे गाव तलम कापडासाठी प्रसिद्ध होते आणि लुईचे वडील कापडाचाच धंदा करीत. घरची स्थिती सुखाची होती. दहाव्या वर्षी लुईला गावातील शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे त्याने अनेक बक्षिसे मिळविली. यंत्रांच्या आकृती काढण्यात त्याचा हात विशेष चांगला होता. पुढे शिक्षणासाठी तो आम्यां या शहरी गेला आणि तेथून पॅरिसला आला. पॅरिसमधील एकोल सांत्राल ही अभियांत्रिकीची नामांकित संस्था होती. तिची प्रवेशपरीक्षा फार कठीण असे. लुई ती उत्तीर्ण झाला. तथापि वर्गात पहिला-दुसरा येणारा विद्यार्थी तो नव्हता. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडताना त्याच्या वर्गातील सुमारे दोनशे विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक शंभराच्या पुढेच होता. गुणपत्रिकेवरून त्याच्या भावी आयुष्याचा अंदाज कोणालाही बांधता आला नसता.

सैन्यातील एक वर्षाची सक्तीची नोकरी संपवून तो पॅरिसमधील एका विद्युत्-साहित्याच्या कंपनीत काम करू लागला. तो काळ मोटारींच्या बाल्यावस्थेचा होता. कारखान्यातून मोटार बाहेर पडे ती जवळजवळ उघडीवाघडी. वर छप्पर नसे, समोर काच नसे, आणि बहुधा दिवेही नसत. ज्याला जे हवे असेल ते त्याने निराळे विकत घ्यावे आणि आपल्या मोटारीला बसवून घ्यावे, अशी रीत होती. त्यामुळे मोटारीच्या दिव्यांचा व शिंगांचा एक स्वतंत्र व्यापारच निर्माण झाला. परंतु त्या वेळचे दिवे म्हणजे घोडागाडीचेच दिवे होते. कोणात मेणबत्ती असे, तर कोणात रॉकेलची वात. समोरून येणाऱ्याला मोटार येत आहे एवढे त्यांवरून कळे. पण मोटार चालविणाऱ्याला पुढचा खड्डा काही दिसत नसे. रस्त्याचे हादरे बसले किंवा वारा सुटला, की ज्योत विझून जाई. म्हणून बहुतेक लोक दिवस मावळण्यापूर्वीच मोटार घरी आणीत.

या अडचणीवर ब्लेरिओ विचार करू लागला. विजेचा दिवा मोटारीवर बसवावा, तर त्यातील नाजूक तार हादऱ्यांनी तुटे आणि वीज साठविणारी बॅटरी फार जड होई. सुदैवाने याच सुमारास एक नवा पदार्थ बाजारात आला होता. १८९२ साली कॅल्शियम कार्बाईड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत शोधून काढण्यात आली होती. आपल्याकडे कच्ची फळे झटपट पिकविण्यासाठी काही व्यापारी जे करड्या रंगाचे खडे वापरीत आले, आणि आरोग्याला अपाय होतो म्हणून ज्यांच्या अशा वापराला आता कायद्याने मनाई आहे, तेच हे कार्बाईड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन नावाचा वायू निघतो आणि मागे चुन्याचा पांढरा गाळ उरतो. हा वायू पेटविला असता अतिशय शुभ्र व तेजस्वी ज्योत मिळते. पूर्वी जत्रेतील दुकानांतून असे कार्बाईडचे दिवे जळत असत.

ब्लेरिओने या वायूचा उपयोग मोटारीसाठी करण्याचे ठरविले. त्याने एका आटोपशीर पितळी दिव्यातच वायू तयार करण्याची सोय केली. अशा दिव्याची रचना साधी असे. वरच्या भांड्यात पाणी व खालच्या भांड्यात कार्बाईडचे खडे ठेवीत. मधली तोटी थोडी फिरविली की पाणी थेंब थेंब खाली पडे. तयार झालेला वायू नळीवाटे ज्योतीच्या तोंडाशी जाई. ज्योतीच्या मागे बसविलेला आरसा तिचा प्रकाश एकवटून समोर फेकी. तोटी जास्त उघडली तर वायू अधिक निघे. बंद केली तर दिवा हळूहळू शांत होई. या दिव्याची निगा मात्र नेमाने राखावी लागे. चुन्याचा गाळ रोज काढून टाकावा लागे, ज्योतीच्या तोंडाचे बारीक छिद्र साफ ठेवावे लागे, आणि थंड देशांत हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून काळजी घ्यावी लागे. शिवाय वायूचा वासही उग्र असे. परंतु वाऱ्यापावसात न विझणारा आणि दूरवरचा रस्ता उजळणारा प्रकाश त्यापूर्वी मोटारीला मिळालाच नव्हता.

ब्लेरिओने नोकरी सोडली आणि १८९७ साली पॅरिसच्या रिशल्यू मार्गावर आपल्या दिव्यांचे दुकान थाटले. धंद्यास लवकरच बरकत आली. रेनॉ, पानार-लव्हासोर यांसारखे मोटारींचे नामवंत कारखाने त्याच्याकडून दिवे घेऊ लागले. हौशी मोटारमालक त्याचे चकचकीत पितळी दिवे मोठ्या अभिमानाने आपल्या गाडीवर मिरवू लागले. पंचविशी ओलांडलेला हा तरुण पाहता पाहता श्रीमंत झाला.

दुकानाजवळच्या एका उपाहारगृहात तो दुपारी जेवावयास जाई. १९०० सालच्या ऑक्टोबरात तेथे त्याला आलिस नावाची एक तरुणी दिसली. ती एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याची मुलगी होती. विवाह करीन तर हिच्याशीच, असे त्याने त्याच दिवशी घरी येऊन आईला सांगितले. पुढे चार महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १९०१ रोजी, त्यांचा विवाह झाला. मनात एकदा एखादी गोष्ट आली की ती तडीस नेल्याखेरीज राहावयाचे नाही, हा ब्लेरिओचा स्वभाव या प्रसंगातही दिसून येतो.

भरभराटीचा धंदा, सुखाचा संसार आणि समाजात प्रतिष्ठा, एवढे मिळाल्यावर सामान्य माणूस समाधानाने स्वस्थ बसला असता. ब्लेरिओच्या मनात मात्र विद्यार्थिदशेपासून एक वेगळेच स्वप्न घर करून होते. पक्ष्याप्रमाणे आकाशात विहार करावा, अशी त्याची आकांक्षा होती. दिव्यांच्या नफ्यातून हाती पैसा येताच त्याने प्रयोगांना आरंभ केला. पहिले यंत्र त्याने पक्ष्याच्या पंखांसारखे पंख फडफडविणारे बनविले. ते जमिनीवरून उठलेच नाही. पुढे १९०५ साली गाब्रिएल व्हुआझँ या तरुण विमानरचनाकाराशी त्याची ओळख झाली. व्हुआझँने त्याच्यासाठी बनविलेले, पाण्यावर तरंगणारे एक विमान सीन नदीत एका नावेने ओढून वर चढविण्यात आले. परंतु ते कोसळले आणि आत बसलेला व्हुआझँ बुडता बुडता वाचला. दोघांनी भागीदारीत आणखी यंत्रे बनविली. तीही उडाली नाहीत. १९०६ सालच्या १२ नोव्हेंबरला पॅरिसजवळच्या मैदानावर ब्लेरिओचे विमान जमिनीवर धावतानाच मोडले. त्याच दिवशी त्याच मैदानावर सांतोस द्युमाँ या ब्राझीलच्या वैमानिकाने २२० मीटर अंतर उडून दाखविले. दुसऱ्याचे यश आणि स्वतःचे अपयश ब्लेरिओने एकाच दिवशी पाहिले.

त्यानंतर भागीदारी संपली. ब्लेरिओने एकट्यानेच काम पुढे चालविले. एक विमान मोडले की त्यातील दोष शोधावयाचा, आणि तो दूर करून दुसरे बांधावयाचे, असा त्याचा क्रम होता. स्वतः बनविलेले विमान तो स्वतःच चालवी. त्यामुळे प्रत्येक चुकीचे प्रायश्चित्त त्याच्या शरीराला भोगावे लागे. तो इतक्या वेळा पडला, की त्याच्या अपघातांची पॅरिसमध्ये चर्चा होऊ लागली. परंतु दर अपघातागणिक त्याचे ज्ञान वाढत होते. पंखांची एकच जोडी, पुढे इंजिन, मागे शेपूट, अशी रचना त्याने हळूहळू निश्चित केली. ही रचना इतकी योग्य ठरली की पुढील अनेक वर्षे असंख्य विमाने याच धर्तीवर बांधली गेली. १९०८ सालच्या ३१ ऑक्टोबरला त्याने तूरी या गावाहून आर्तने या गावापर्यंत जाऊन परत येण्याचा सुमारे २८ किलोमीटरांचा प्रवास हवेतून केला. वाटेत तो उतरला व पुन्हा उडाला. मैदानाभोवती घिरट्या घालणारे विमान आता एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ लागले होते.

परंतु या यशाची किंमत फार मोठी होती. दिव्यांच्या धंद्यातून मिळालेली मिळकत आणि पत्नीने विवाहात आणलेले धन, दोन्ही या प्रयोगांत खर्ची पडले. १९०९ सालापर्यंत साडेसात लाखांहून अधिक फ्रँक त्याने विमानांत घातले होते. मित्र त्याला थांबण्याचा सल्ला देत. घरात लहान मुले होती. आता एखादे मोठे यश पदरी पडले नाही, तर विमानही गेले आणि धंदाही गेला, अशी वेळ आली होती. आलिसने मात्र या कठीण काळात त्याची साथ सोडली नाही.

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यामध्ये इंग्लिश खाडी आहे. तिच्या सर्वांत अरुंद भागीही पाण्याची रुंदी तीस किलोमीटरांहून जास्त आहे. ही खाडी विमानाने सर्वप्रथम ओलांडणाऱ्यास लंडनच्या डेली मेल या वृत्तपत्राने १,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच उड्डाण झाले पाहिजे, अशी अट होती. ह्यूबर्ट लॅथम या धाडसी तरुणाने १९०९ सालच्या १९ जुलैला पहिला प्रयत्न केला. परंतु वाटेत त्याचे इंजिन बंद पडले आणि विमान समुद्रावर उतरले. तरंगत्या विमानावर बसून तो शांतपणे सिगारेट ओढीत असता एका जहाजाने त्याला वाचविले. तो लगेच दुसऱ्या विमानाची जुळवाजुळव करू लागला.

ब्लेरिओही आपले अकराव्या क्रमांकाचे विमान घेऊन कॅलेजवळ येऊन दाखल झाला. हे विमान लाकूड, कापड आणि तारा यांचे बनविलेले होते. त्याच्या पंखांचा विस्तार पावणेआठ मीटर होता आणि इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे होते. आज रस्त्यावरच्या लहानात लहान मोटारीचे इंजिनही त्याहून शक्तिमान असते. त्यातच ब्लेरिओचा एक पाय जायबंदी होता. काही दिवसांपूर्वीच्या एका उड्डाणात इंजिनाच्या तापलेल्या नळीने तो पाय गंभीर भाजला होता, आणि त्याला कुबड्यांच्या आधाराने चालावे लागत होते. समुद्रावर वारा घोंघावत होता. काही दिवस दोन्ही स्पर्धक किनाऱ्यावर वाऱ्याकडे डोळे लावून बसले.

२५ जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास वारा पडला. ब्लेरिओला उठविण्यात आले. त्याने प्रथम एक लहानसे उड्डाण करून यंत्राची परीक्षा केली आणि मग तो सूर्योदयाची वाट पाहू लागला. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी सूर्योदयाचा इशारा होताच त्याचे विमान धावू लागले आणि किनारा सोडून समुद्रावर गेले. काही अंतरावर दुसऱ्या तळावर लॅथम होता. तो तयार होऊन बाहेर पडेपर्यंत वारा पुन्हा वाढला आणि त्याला उडता आले नाही.

ब्लेरिओच्या मदतीस एक फ्रेंच युद्धनौका आधीच समुद्रात गेली होती. तिच्यावर आलिस उभी होती. ताशी सुमारे सत्तर किलोमीटर वेगाने विमान त्या नौकेच्या पुढे निघून गेले. आणि मग कठीण समय आला. समोर धुके होते. पुढे इंग्लंडचा किनारा दिसेना, मागे फ्रान्सचा दिसेना. नौकाही दृष्टीआड झाली. खाली केवळ करडे पाणी होते. दिशा दाखविणारे होकायंत्र विमानात नव्हते. ज्याने सहस्रावधी लोकांच्या अंधाऱ्या वाटा उजळल्या, त्याला वाट दाखविणारा एकही दिवा त्या घटकेला नव्हता. सुमारे दहा मिनिटे ब्लेरिओ असा एकटा उडत होता. विमान इकडेतिकडे न वळविता त्याने ते सरळ जाऊ दिले. अखेर धुक्यातून इंग्लंडच्या पांढऱ्या कड्यांची रेषा दिसू लागली. वाऱ्याने त्याला वाटेवरून बाजूला ढकलले होते. किनाऱ्याकिनाऱ्याने वळून तो डोव्हरच्या दिशेने आला. तेथे एका हिरवळीवर एक फ्रेंच वार्ताहर फ्रान्सचे निशाण हालवीत उभा होता. जवळच्या कड्यावरून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतांनी विमान गरगरले. ब्लेरिओने इंजिन बंद केले आणि विमान जमिनीवर आदळले. चाकांचा सांगाडा व पंखा मोडला. वैमानिक मात्र सुखरूप होता. समुद्र ओलांडण्यास त्याला सुमारे साडेछत्तीस मिनिटे लागली होती.

या साडेछत्तीस मिनिटांनी त्याचे आयुष्य बदलले. लंडनमध्ये आणि पॅरिसमध्ये त्याच्या स्वागतास प्रचंड समुदाय लोटला. त्याचे विमान लंडनच्या एका मोठ्या दुकानात चार दिवस ठेवण्यात आले आणि ते पाहावयास लोकांची रीघ लागली. वर्ष संपण्यापूर्वीच शंभराहून अधिक विमानांची मागणी त्याच्याकडे आली. दिव्यांचा कारखानदार आता विमानांचा कारखानदार झाला. समुद्र हाच ज्याचा तट, अशा इंग्लंडला आकाशातूनही गाठता येते, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्याही ध्यानी आली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉन्स्टंटिनोपल येथे त्याचे विमान एका घरावर कोसळून त्याच्या बरगड्या मोडल्या. त्यानंतर त्याने स्पर्धांतील उड्डाणे सोडून दिली आणि विमानबांधणीवर लक्ष केंद्रित केले. पहिल्या महायुद्धात त्याच्या कारखान्यांनी फ्रान्सला मोठ्या संख्येने विमाने पुरविली. १९२७ साली लिंडबर्ग हा अमेरिकन वैमानिक एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला आला, तेव्हा त्याच्या स्वागतास वृद्धत्वाकडे झुकलेला ब्लेरिओ उपस्थित होता. १९३६ सालच्या ऑगस्ट महिन्यात पॅरिस येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले.

ब्लेरिओच्या कार्याचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचला आहे. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्दलो येथे त्याच्या कुटुंबाचे घर होते. त्याच गावी टाटा कुटुंबही उन्हाळ्यात राहावयास जाई. समुद्रकाठच्या वाळूवर उतरणारी विमाने पाहून जे. आर. डी. टाटा यांच्या बालमनात उड्डाणाची ओढ निर्माण झाली. पुढे १९२९ साली भारतात वैमानिकाचा परवाना मिळविणारे ते पहिले ठरले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन त्यांनी स्वतः चालविलेले विमान मुंबईच्या जुहू येथे उतरले, आणि भारतीय विमानवाहतुकीचा पाया घातला गेला.

ॲसिटिलीनच्या दिव्यांचे युग मात्र फार काळ टिकले नाही. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीवर विजेने इंजिन सुरू करण्याची व विजेचे दिवे लावण्याची सोय आली. पुढील काही वर्षांत सर्वच मोटारींनी विजेचा स्वीकार केला आणि दिवा हा मोटारीचाच एक भाग बनला. आता ते पितळी दिवे संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांच्या जुन्या मोटारींवर पाहावयास मिळतात. त्यांचे पितळ घासूनपुसून सोन्यासारखे लखलखीत ठेवलेले असते. ज्या विमानाने खाडी ओलांडली, ते पॅरिसच्या एका संग्रहालयात जपून ठेवले आहे. आणि डोव्हरच्या ज्या हिरवळीवर ते आदळले, तेथे जमिनीत दगड बसवून त्याची आकृती कोरली आहे.

एका लहानशा उपयुक्त वस्तूकडे ब्लेरिओने तुच्छतेने पाहिले नाही. लोकांची रोजची अडचण त्याने ओळखली आणि ती दूर केली. त्यातून मिळालेले धन त्याने चैनीत उधळले नाही, की तिजोरीत कुलूप लावून ठेवले नाही. अपयशामागून अपयश आले, तरी प्रत्येक वेळी मोडक्या विमानाचे तुकडे गोळा करून तो नव्याने कामास लागला. रात्री दूर रस्त्यावरून मोटारीचे दिवे येताना दिसतात आणि त्याच वेळी वर आकाशात एखाद्या विमानाचा दिवा लुकलुकत जातो. खालचा दिवा आणि वरचे विमान, दोहोंच्या इतिहासात एकाच माणसाच्या परिश्रमांचा वाटा आहे.